एकाच कापातली दोन नावं

'उरलंसुरलं' या त्रैमासिकाच्या संपादकबाईंना लेखकांचं वावडं होतं. लेखांचं नाही, लेखकांचं. लेख यावा, तो वाचावा, आवडला तर छापावा, नाही तर परत पाठवावा, इतक्या सरळ कामात लेखक नावाचा माणूस मध्ये कडमडतो आणि घोळ घालतो, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. नाव ओळखीचं निघालं की वाचणाऱ्याचा हात सैल पडतो. नावडतं निघालं की कपाळाला आधीच आठी पडते. म्हणून अंक सुरू केला तेव्हाच त्यांनी एक रीत पाडली. लेख टाईप केलेला हवा आणि लेखकाने आपलं नाव फक्त शेवटच्या पानाच्या तळाशी घालायचं. पाकीट फोडलं की बाई ते पान पालथं धरत, शिंप्याच्या मोठ्या कात्रीने तळाची पट्टी कापत आणि न बघता बिस्किटांच्या डब्यात टाकत. चष्मा चढवत तो त्यानंतर.

कापायचीही एक तऱ्हा होती. सरळ कापायचं नाही, वेडंवाकडं कापायचं. प्रत्येक कापाचं वळण वेगळं, त्यामुळे प्रत्येक पट्टी आपापल्या कागदालाच बसायची. अंक जुळून झाला की बाईंचे यजमान डबा पुढ्यात घेऊन बसत आणि एकेक पट्टी कागदांना लावून बघत. कोणाचं काय ते तेव्हा कळायचं. नावं छापायची तीही एकदम शेवटच्या पानावर, म्हणजे वाचकानेसुद्धा आधी लेख वाचावा आणि मग माणूस बघावा. पट्टीवर आणि कागदावर सरळ आकडे का घालत नाही, असं कोणीतरी एकदा विचारलं होतं. "आकडा घालायचा म्हणजे पट्टी बघावी लागणार," बाई म्हणाल्या, "आणि बघितली की संपलंच." लेखक मंडळी पाठीमागे त्यांना कात्रीबाई म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं आणि त्यांना त्यात गैर काही वाटत नसे.

अंक निघायचा त्यांच्या घराच्या मागच्या खोलीतून. एका भिंतीला जुन्या अंकांचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला यजमानांचा संगणक. यजमानांची उमेदीची वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेली होती आणि संगणकावर पानं लावतानाही त्यांची बोटं हवेत खिळे शोधत. अंकात काय नसायचं? मुंग्यांच्या रांगेवर निबंध असायचा, जिन्यांच्या कठड्यांवर असायचा, आजोबांच्या घोरण्यावर असायचा. दुसऱ्या कोणी छापलं नसतं ते सगळं तिथे गुण्यागोविंदाने नांदायचं. आणि पहिल्या पानावर एक चौकट असायची, 'आमचं चुकलं' नावाची. गेल्या अंकातल्या चुका तिथे बाई स्वतःच्या शब्दांत कबूल करत. 'मागच्या अंकात मधमाशीला आम्ही एक पाय कमी दिला होता, तो या अंकात परत करत आहोत,' असं एकदा छापलं होतं. बाईंना लेखांपेक्षा त्या चौकटीचा अभिमान जास्त होता. आपण चुकतो, पण लपवत नाही, असं त्या चारचौघांत सांगत. सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

गेल्या अंकात पानं भरायला मजकूर कमी पडत होता. दोन लेख शेवटी आले. एक होता 'माफी मागायच्या इतर पद्धती'. तो वाचून बाई खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि हे त्या फार कमी लेखांच्या बाबतीत करत. ज्या घरात 'चुकलं' हा शब्द कोणी उच्चारत नाही तिथे माणसं माफी कशी मागतात, असा त्याचा विषय होता. कोणी संत्रं सोलून बशीत ठेवतं, कोणी न सांगता तुटलेला पट्टा शिवून आणतं, कोणी दारातून विचारतं, पंखा मोठा तर नाही ना? आणि शेवटी लेखिकेने तो शब्द सरळ लिहिलाच होता. 'माझं चुकलं. तुला बोलले ते बोलायला नको होतं.' बस, लेख संपला.

दुसरा होता 'कुलपांविषयी काही'. तो बाईंनी पानं भरायला घेतला. माहिती चोख, भाषा कोरडी ठणठणीत. त्यातच लेखिकेच्या घरातल्या कुठल्याशा कपाटाची गोष्ट मध्येच घुसली होती. बाईंनी त्या परिच्छेदावर लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'विषयाला सोडून. काढा.' अंक छापून आला तेव्हा परिच्छेद जागच्या जागी होता. यजमान म्हणाले, "काढला असता तर अर्धं पान मोकळं राहत होतं." बाई दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलल्या आणि मग विसरून गेल्या.

माफीचा लेख वाचकांना फार आवडला. फोन आले, पत्रं आली. शेवटच्या पानावर त्यासमोर नाव होतं दातांच्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंचं. कुलपांवर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. पुढचा अंक छापायला जायच्या बेतात होता आणि 'आमचं चुकलं'ची चौकट रिकामी होती. या खेपेला आपलं काहीच चुकलं नाही की काय, अशा काळजीत बाई होत्या, तेवढ्यात एक फोन आला.

"मॅडम, तुम्ही मला कुलपांची तज्ज्ञ करून टाकलंत," पलीकडून एका बाईचा आवाज आला. तिने नाव सांगितलं आणि गाडी शिकवते असंही सांगितलं. कुलपांच्या लेखासमोर तिचंच नाव होतं. "माझ्याकडे शिकायला येणारे आता ब्रेक दाबायच्या आधी कुलपांबद्दल विचारतात. माझा लेख माफीचा. कुलपांतलं मला ओ की ठो कळत नाही."

बाईंनी रिकाम्या चौकटीकडे बघितलं. "अंक येऊन इतके दिवस झाले. आधी का नाही सांगितलंत?"

"वाट बघत होते, की माझी ताई वाचेल आणि ओळखेल. तिच्यासाठीच लिहिला होता. आमचं बोलणं बंद आहे. काल तिचा फोन आला. मला वाटलं, ओळखलं. तर म्हणते कशी, बघ त्या डॉक्टरीणबाईंनी किती सुंदर लिहिलंय, तुला असं कधी सुचेल का? आणि ठेवला." ती म्हणाली, "दुरुस्ती छापा, मॅडम. ठळक छापा."

बाईंनी फोन ठेवला आणि यजमानांना हाक मारली. जुने कागद आणि पट्ट्या पुढचा अंक निघेपर्यंत जपून ठेवलेल्या असत. यजमानांनी दोन्ही लेखांची शेवटची पानं टेबलावर मांडली. एक पट्टी माफीला लावली, बरोबर बसली. तीच उचलून कुलपांना लावली, तिथेही बसली. दुसरी पट्टीही तशीच, दोन्हीकडे चपखल.

मग बाईंना आठवलं. दोन्ही पाकिटं एकाच टपालात आली होती. त्याच वेळी दाराची बेल वाजत होती, म्हणून घाईघाईत एक पान दुसऱ्यावर ठेवून त्यांनी दोन्ही एकाच कापात कापली होती.

"अहो, तुम्हाला शंका नाही आली?"

"पट्टी बसली की मी पुढची घेतो," यजमान म्हणाले. "दुसरीकडेही बसते का ते कशाला बघू? आजवर कधी बसली नव्हती."

बाईंनी लगेच चौकटीचा मजकूर लिहून काढला. त्यांची आणखी एक रीत होती. ज्याच्या बाबतीत चूक झाली त्याला दुरुस्ती आधी वाचून दाखवायची. गाडी शिकवणारीला त्यांनी फोनवरच वाचून दाखवली. ती म्हणाली, झकास. डॉक्टरीणबाई गावातच राहत होत्या, म्हणून त्यांच्याकडे बाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गेल्या.

दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पुढच्या खोलीत रुग्णाची ती मागे झुकणारी खुर्ची तशीच होती. डॉक्टरीणबाईंनी संपादकबाईंना तिच्यातच बसवलं. समोरच्या भिंतीवर ओळीने खिळे मारलेले आणि प्रत्येक खिळ्यावर एकेक कुलूप. लोखंडी, पितळी, मुठीएवढं, नखाएवढं. बाईंना आठवलं, त्याच कोरड्या भाषेतला चमच्यांवरचा लेख, शाईच्या डागांवरचा लेख, जिन्याच्या पायऱ्यांवरचा लेख. सगळे याच घरातून आले असणार आणि सगळे आपण साभार परत केले असणार. नाव न बघता केले, हे खरं, पण केले.

त्यांनी दुरुस्ती वाचून दाखवली. डॉक्टरीणबाईंनी ती शांतपणे ऐकली.

"छापू नका," त्या म्हणाल्या.

"पण माफीचा लेख तुमचा नाही."

"मला माहीत आहे की. अंक आला त्याच दिवशी तुम्हाला फोन करून झापणार होते. आयुष्यात पहिल्यांदा लेख छापून आला, तो दुसरीच्या नावावर! नंबर फिरवायला हात पुढे केला आणि फोनच वाजला. माझा मुलगा होता."

डॉक्टरीणबाई गोलगोल बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं. मुलगा त्यांच्याच मार्गाने दातांचं शिकत होता. अर्ध्यात सोडलं. घरी चार माणसं जेवायला होती तेव्हा कोणीतरी का सोडलं म्हणून विचारलं, आणि मुलाने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "त्याच्या हाताला वळणच नाही. दात सोडा, त्याला स्वतःची नखं धड कापता यायची नाहीत." पाहुणे हसले. मुलगाही हसला, जेवण पुरं केलं आणि आठवड्याभरात घर सोडून गेला. दुसऱ्या गावात शिलाई मशिनं दुरुस्त करतो. त्या मोठ्या आजारातून उठल्या तेव्हा औषधं पाठवली, स्वतः आला नाही. त्यांनी त्याच्या पत्त्यावर 'उरलंसुरलं'ची वर्गणी भरून ठेवली होती. अंक पोचला, एवढंही त्याने कधी कळवलं नव्हतं.

"आणि आता फोन. 'अंक वाचला. रविवारी येतो.' एवढंच म्हणाला. आता सांगा, त्याने काय वाचलं असेल? माझं नाव कशासमोर आहे?"

संपादकबाईंनी हातातला कागद घडी घालून पुन्हा उलगडला. त्या कोणाच्या घरगुती भानगडीत पडणाऱ्या नव्हत्या. लेखकाचं नाव कळलं की असंच होतं, हे तर त्या पहिल्यापासून सांगत आल्या होत्या. पण इथे घोळ लेखकाने घातलेला नव्हता.

"डॉक्टर, तो लेख जिने लिहिला तिचीही एक बहीण आहे," त्या म्हणाल्या. "तो तिला परत द्यायलाच हवा. तुम्हाला मुलाला चुकलं म्हणायचं असेल तर तुम्हीच म्हणा. दोन शब्द तर आहेत."

"निघत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळी हयात दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात गेली माझी. माझं स्वतःचं या एका बाबतीत उघडत नाही. प्रयत्न केला नाही असं समजू नका. फोन हातात धरून बसलेली आहे मी. शेवटी 'थंडी आहे का तिकडे' एवढं विचारून ठेवून दिलाय." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "त्या बाईने लिहिलं ते मला लिहिता आलं नसतं. म्हणून तर म्हणते, राहू दे माझ्या नावावर. तो येईल, जेवेल, जाईल. मग पुढच्या अंकात छापा, त्याच्या पुढच्यात छापा."

"आणि त्याला नंतर कळलं तर?"

डॉक्टरीणबाई उठून भिंतीवरचं एक कुलूप सरळ करून आल्या. म्हणाल्या, "मग तुम्हीच या रविवारी. चूक तुमची आहे. तुमच्या तोंडून कळू दे."

हे मात्र रास्त होतं. बाई हो म्हणाल्या.

रविवारपर्यंत त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. एका आईचा नुकता परत येऊ लागलेला मुलगा हिरावून घ्यायला त्या निघाल्या होत्या आणि तेही एका चौकटीसाठी. न जावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. दुरुस्ती बारीक अक्षरात आतल्या पानावर घालावी, असंही येऊन गेलं. यजमानांना त्यांनी विचारलं, "छापलं नाही तर काय बिघडेल?" यजमान म्हणाले, "काही नाही. फक्त त्या चौकटीचं नाव बदलावं लागेल." बाईंना राग आला, कारण ते खरं होतं.

रविवारी त्या गेल्या तेव्हा मुलगा आलेला होता. किडकिडीत, कानाशी केस पिकायला लागलेले, नखांच्या कडांना तेलाची काळी रेघ. चहाचा कप हातात धरून तो खिडकीत बसला होता आणि डॉक्टरीणबाई आपल्या कामाच्या उंच स्टुलावर. दोघांमध्ये ती झुकणारी खुर्ची रिकामी होती. बोलणं हवापाण्यावर चाललेलं असावं, कारण बाई आल्याचा दोघांनाही आनंद झालेला दिसला. मुलगा उठून उभा राहिला. "या काकू, बसा."

बाईंनी आपल्यासाठी आणलेल्या चहाला हात लावला नाही, फार प्रस्तावनाही केली नाही. आपण कोण ते सांगितलं, कात्रीचं सांगितलं, दोन कागद एका कापात कसे कापले गेले ते सांगितलं आणि घडी उलगडून दुरुस्ती वाचली. 'माफी मागायच्या इतर पद्धती' हा लेख तुझ्या आईचा नाही, हे वाक्य आपल्या तोंडून इतक्या मोठ्याने का निघालं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या कुलपांकडे बघत होत्या. हात मांडीवर घट्ट धरलेले.

"माहीत आहे, काकू," मुलगा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तो आईचा नाही ते. पहिल्या पानावरच कळलं. संत्रं सोलून देणारी बाई आमच्या घरात कधी नव्हती."

"संत्र्याच्या आंबटाने दातांवरचा थर जातो," डॉक्टरीणबाई सवयीने म्हणाल्या.

मुलगा हसला. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग फोन कशाला केलास?"

मुलाने कप खाली ठेवला, पिशवीतून अंक काढला आणि उघडला. पान दुमडून ठेवलेलं होतं. त्याने बसल्या बसल्या वाचायला सुरुवात केली, शाळेत उभं करून वाचायला लावलेल्या मुलासारखा, एका सुरात.

"'आमच्या कोठीच्या कपाटाला एक पितळी कुलूप होतं. त्याची किल्ली हरवली तेव्हा कारागिराने कुलूप कापावं लागेल म्हणून सांगितलं. माझ्या शाळकरी मुलाने सायकलच्या चाकाची तार वाकवून ते उघडलं. कुलपावर ओरखडासुद्धा नाही. मी दारात उभी राहून बघत होते. पुढे माझ्या हाताखाली कितीतरी शिकाऊ डॉक्टर आले आणि गेले, पण इतका हलका हात मी पुन्हा पाहिला नाही. हे मी त्याला सांगितलं नाही, कारण कुलूप त्याने न विचारता उघडलं होतं.'"

त्याने अंक मिटला. "तार माझी होती," तो म्हणाला. "मग समोर नाव कोणाचं का असेना."

संपादकबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. हाच तो परिच्छेद. त्यावर ओढलेली लाल रेघ त्यांना जशीच्या तशी डोळ्यांपुढे दिसली, बाजूचे तीन शब्दही दिसले. ते अर्धं पान भरायला दुसरा मजकूर मिळाला असता, किंवा यजमान जरा आज्ञाधारक असते, तर हा माणूस आज या खिडकीत बसलेला नसता. त्यांनी पाणी मागितलं. कोणी उठलं नाही, कारण कोणाला ऐकूच गेलं नव्हतं.

"मी कुलपाबद्दल लिहीत होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो."

"त्यात माफीबिफी काही नव्हती."

"माहीत आहे, आई. म्हणून तर आलो. माफी मागितली असतीस तर मला वाटलं असतं, म्हातारपणाला घाबरली." तो उठून भिंतीपाशी गेला. "यातलं कुठलं ते?"

"वरच्या ओळीत. कडेचं."

त्याने ते काढून हातात घेतलं. मुठीएवढं पितळी कुलूप, दांडी बाहेर ओढलेली. त्याने ते उलटंसुलटं करून बघितलं, कानाशी नेलं. "किल्ली कधी मिळाली नाही?"

"नाही."

"मग हे उघडं कसं?"

"तू उघडलंस तसंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी पुन्हा बंद केलं नाही. केलं असतं तर उघडलं कोणी असतं?" त्या स्टुलावरून उतरल्या आणि चहा गार झाला म्हणत दोन्ही कप उचलून आत गेल्या, त्यातला एक संपादकबाईंसाठी आणलेला आणि अजून भरलेला होता. मुलगा कुलूप हातात घेऊन उभा राहिला. डोळे पुसायला त्याने बाही वापरली. बाईंकडे त्याने बघितलं नाही आणि बाईंनीही त्याच्याकडे बघितलं नाही. त्या निघाल्या तेव्हा दोघांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

घरी येऊन त्या यजमानांच्या मागे उभ्या राहिल्या. पहिलं पान पडद्यावर लागलेलं होतं, चौकट मोकळी होती. बाईंनी मजकूर सांगितला आणि यजमानांनी टाईप केला. दोन लेख, दोन नावं, चूक संपूर्णपणे आमची. गाडी शिकवणारीच्या ताईला अंक पहिल्या टपालाने पाठवायचा, हेही बाईंनी बजावलं.

"झालं?" यजमानांनी विचारलं.

"नाही. अजून एक आहे. लिहा. 'कुलपांविषयी काही' या लेखातला कपाटाचा परिच्छेद विषयाला सोडून आहे, असं संपादकांनी ठरवलं होतं आणि तो काढायला सांगितला होता. तेही चुकलं."

यजमानांची बोटं थांबली. "अगं, पण तो छापला गेला. वाचकाला यातलं काय कळणार? ही चूक कोणाला माहीतही नाही."

"मला माहीत आहे ना."

त्यांनी टाईप केलं. मग खुर्ची थोडी वळवून विचारलं, "आणि तो परिच्छेद ठेवला कोणी, तेही घालायचं का?"

बाईंनी कात्री उचलून खणात ठेवली आणि नव्या पाकिटांचा गठ्ठा पुढे ओढला.

"जागा उरली तर घाला," त्या म्हणाल्या.

चौकटीत दोन ओळींची जागा उरत होती. यजमानांनी ती मोकळी ठेवली.